पाण्याचा हात

पोरी, गेल्या महिन्यात फोनवर तू म्हणालीस, "आजी, भाकर थापता थापताच चिरते." मी विचारलं, पाणी कसं घेतलंस? तू म्हणालीस, नळाचं. मला पुढं काही विचारावंच लागलं नाही. उद्या तू परत हैदराबादला निघशील, म्हणून आज जरा माझ्याजवळ बस. हात मात्र चालू राहू दे, या तुरीच्या शेंगा सोलायच्या आहेत.

मी 1971 साली लग्न होऊन वडनेरला आले. माहेरी मी शेंडेफळ, चुलीशी फारसा संबंध आला नव्हता. दुसऱ्याच वर्षी 1972 चा दुष्काळ पडला आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायला लागली. तिला ना आपल्या ज्वारीची गोडी, ना चिकाटी. भाकर हातावरून तव्यावर जाईपर्यंत तिचे चार तुकडे व्हायचे. गल्लीतल्या बायका अगदी रडकुंडीला आल्या होत्या. एके सकाळी सासूबाईंनी, म्हणजे तुझ्या पणजीनं, गंजात पाणी उकळायला ठेवलं. चिमूटभर मीठ टाकलं, पाणी खळखळायला लागल्यावर त्यात पीठ वैरलं, सराट्यानं दोन वेढे दिले आणि झाकण घालून गंज खाली उतरवला. कोमट होईपर्यंत हात लावू दिला नाही. मग कोपरात, म्हणजे परातीत, घेऊन मळलं, थापलं. अख्खी भाकर तव्यावरून उतरली. तेव्हा त्या म्हणाल्या, "पीठ-मीठ कोणीबी मोजते व माय. पाण्याचा हात बसला पायजे."

मला मिळालेला कानमंत्र तो एवढाच. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं चूल, शेगडी, स्टोव्ह, गॅस सगळ्यांवर रांधलं, आणि जे जे शिकले ते पाण्यापाशीच येऊन थांबलं. कुठं ऊन घ्यायचं, कुठं गार, कुठं थेंबही नको, कुठं शिजवून फेकायचं आणि कुठं उन्हाला देऊन टाकायचं.

आता तुझी भाकर. गव्हाच्या कणकेत ताण असतो, ती गार पाण्यातही धरून राहते. ज्वारीत तो ताण नाही. तिला ऊन पाण्यानंच चिकटपणा येतो, कारण उष्णतेनं पिठातलं सत्त्व फुगतं आणि तेच गोंदासारखं धरून ठेवतं. म्हणून दोन मुठी पीठ कोपरात घे, मधे आळं कर, त्यात बोट भाजेल असं पाणी थोडं थोडं घाल आणि आधी सराट्याच्या दांड्यानं कालव. हाताला सोसवेल इतकं झालं की तळहाताच्या टाचेनं रगड. एकदम चार भाकरींचं पीठ भिजवू नकोस. एकेका भाकरीचा गोळा वेगळा मळायचा, म्हणजे शेवटचा गोळा वाट पाहत सुकत नाही. गोळा दाबून बघ. कडेला भेगा दिसल्या तर अजून मळायचा आहे, थोडा पाण्याचा हात लाव. थापताना खाली पीठ भुरभुरायचं, आणि ती पिठाची बाजू तव्यावर वर येईल अशी भाकर टाकायची. लगेच त्या पिठावर पाणी फिरवायचं. इथं हात राखू नकोस. एक बोटभर जागा कोरडी राहिली की तिथंच ती तडकते आणि फुगायची वाफ त्या चिरेतून निघून जाते. पाणी आटत आलं, पण वरचा ओलसर काळपटपणा अजून गेलेला नाही, त्याच घडीला उलटायची. तो क्षण मी सांगून कळणार नाही, तुझ्या डोळ्यांनीच धरावा लागेल. दहा-बारा भाकरी बिघडतील. बिघडू दे, त्या ताकात कुस्करून खा.

पिठाचंही पाण्याशी नातं आहे. चक्कीतून पीठ गरम येतं. ते तसंच डब्यात कोंडलं तर आत वाफ धरते, झाकणाला दव येतं, आणि आठवड्यात पिठाला वास लागतो. आधी कोपरात पसरून निवू द्यायचं. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांचंच दळावं, पुढं त्याची विरी जाते, मग कितीही ऊन पाणी घातलं तरी भाकर चिरते आणि कडसर लागते. जात्यावर हा त्रास नव्हता, जातं सावकाश फिरतं, पीठ तापत नाही. आपल्या वर्ध्यात मगनवाडीला 1934 साली ग्रामोद्योग संघ निघाला, गांधीजी होते, कुमारप्पा होते. घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, जात्याचं पीठ, गूळ यांसाठी त्या लोकांनी केवढा जीव टाकला. माझे वडील तिथलं बोलणं घरी येऊन सांगायचे, की गावातलं धान्य गावात दळलं तर त्याचा कसही गावात राहतो आणि पैसाही. मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. तू जातं घेऊन जा असं मी म्हणत नाही. पण पाच-पाच किलो पीठ एकदम आणू नकोस.

ज्वारी आता आपल्या शिवारात फार उरली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सोयाबीन आलं, कपाशी होतीच, आणि ज्वारी बांधापर्यंत मागे सरली. एकट्यानं पेरावी तर साऱ्या गावची पाखरं त्या एका तुकड्यावर तुटून पडतात, खाली रानडुकरं. कडबा गेला तसे बैलही कमी झाले. तुझे आबाजी अजून अर्धा एकर पेरतात ते केवळ घरच्या भाकरीसाठी. यंदाची नवी ज्वारी आहे, तीच तुला दळून देणार आहे.

वरण शिजत नाही असंही तू म्हणाली होतीस. तिकडं बोअरचं पाणी आहे ना? मग तो डाळीचा दोष नाही. जड पाण्यातला चुना डाळीला घट्ट धरून ठेवतो, तासभर उकळली तरी दाणा दाण्याला सोडत नाही. आमच्या वेळी गावात पाणी भरायची विहीर आणि डाळ शिजवायची विहीर वेगळी असायची. सांडायला, धुवायला खारी, आणि वरणासाठी एक घागर गोडीची, मग ती लांब असली तरी. तू फिल्टरचं पाणी डाळीपुरतं वापर. डाळ तासभर भिजव. शिजताना हळद घाल, तेलाचा थेंब घाल, पण मीठ मागून. चिंच, भेदरं म्हणजे टमाटे, आमचूर, काहीही आंबट डाळ पूर्ण मऊ झाल्याशिवाय घालू नकोस, आंबटानं दाणा आखडतो. आणि मधे पाणी कमी पडलं तर आधणाचंच पाणी घाल. शिजत्या डाळीत गार पाणी ओतलं की तिचं सगळं चित्त मोडतं, असं सासूबाई म्हणायच्या.

हे आंबटाचं जाणलंस की अंबाडीही कळेल. पण तिच्याही आधी, मृगाचा पाऊस पडला की पहिल्यांदा तरोटा उगवतो, रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, पडीत जागेत. चार-सहा पानांचा असताना शेंडे खुडायचे, फूल यायच्या आत. पुढं तो कडू आणि चामट होतो. तो पाण्यात शिजवायचा नाही, भिजवलेल्या मुगाच्या डाळीबरोबर तेल-लसणावर नुसता परतायचा, पानातलंच पाणी त्याला पुरतं. पण रस्त्याकडेचा तरोटा आता मी घेत नाही, तणनाशक कुठं मारलंय ते कळत नाही. बांधावरचा, आपल्या माहितीतला घ्यायचा.

अंबाडी त्याच्या मागून येते. तिची पानं भरपूर पाण्यात उकळायची, निवली की मुठीत दाबून पिळायची. ते पहिलं पाणी फार आंबट असतं, ते पोटात जाऊ द्यायचं नाही. मी त्यानं तांब्या-पितळेची भांडी घासते, आरशासारखी होतात. आणि जे पाणी पितळ उजळवतं ते भांड्याला खातंच, म्हणून अंबाडी कल्हई नसलेल्या पितळेत किंवा जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात शिजवायची नाही. आता तुरीची डाळ वेगळी शिजवून ठेवलेली असली पाहिजे, अंबाडीत ती कधीच शिजणार नाही. ज्वारीच्या कण्या अर्धा तास भिजवलेल्या, एका जुडीला दोन मुठी. पिळलेली पानं, डाळ, कण्या एकत्र करून मंद आचेवर घोटत राहायचं. कण्या पाणी ओढत जातात आणि भाजीला आळण आपोआप येतं, वेगळं बेसन लावावं लागत नाही. शेवटी लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, ती सढळ. आबाजी त्यावर जवसाचं कच्चं तेल घ्यायचे, घाणी होती तोवर.

तुला एक सांगू? तिकडं बाजारात जी गोंगुरा म्हणून मिळते ती हीच अंबाडी. आणि ज्वारीला ते जोन्ना म्हणतात, त्यांची जोन्न रोट्टे म्हणजे आपली भाकरच. नागपूरहून हैदराबादला जाणारा हा रस्ता आपल्या गावावरून जातो, मला नेहमी वाटतं की धान्य आणि भाज्या या रस्त्यानं माणसांच्या आधीपासून ये-जा करत असतील. घरमालकीण बाईंना विचार, त्या अंबाडीला काय लावतात. त्यांचंही शिकून ये, मला सांग.

पोळ्यापासून कोहळी यायला लागतात, ती लाल, खापा पाडलेली. कोहळ्यात पाणी घालायचं नाही, अजिबात नाही. फोडी साल ठेवूनच मोठ्या कापायच्या, मेथीच्या दाण्यांची फोडणी, फोडी टाकून वर ताटली झाकायची आणि त्या ताटलीत गडवाभर पाणी ओतायचं. खालची वाफ वर येते, ताटलीच्या गार बुडाला लागते, थेंब होऊन परत भाजीत पडते. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, करपतही नाही. वांगी, दोडकं, चवळीच्या शेंगा, सगळ्यांना हीच रीत. लागलंच तर ताटलीतलं ते तापलेलं पाणी घालायचं.

आणि आता या शेंगा. आपल्याकडं तूर कपाशीच्या ओळींमधे असते, पौषात शेंगा भरतात. या हिरव्या दाण्यांना आपण सोले म्हणतो. पुण्यामुंबईच्या लोकांना मटार ठाऊक, सोले ठाऊक नाहीत, याची मला हळहळ वाटते. सोले आजचे आजच करायचे. तोडलेली शेंग रात्रभर राहिली तरी गोडी उतरते आणि दाणा पिठूळ लागतो. म्हणून तुला ते बांधून देत नाही, आज रात्री पोटभर खाऊन जा. करायचं असं: कढईत तेलावर सोले चांगले परतायचे, काही दाणे फुटून उडतात तोपर्यंत. त्यातले अर्धे काढून लसूण, हिरवी मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून पाट्यावर भरड वाटायचे. मिक्सरमधे फिरवलंस तर दोनच वेढे, लगदा नको. मग कांदा, वांग्याच्या फोडी, वाटण, उरलेले सोले, आणि ऊन पाणी. ऊनच. गार पाण्यानं रश्श्यावरची तर्री बसते आणि वांगं काळं पडतं. एक उकळी, मग मंद आच. सोल्यांचा भात करायचा तर तांदूळ आधी परतून घे आणि पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाल, ओल्या दाण्यांत पाणी असतंच.

हरभऱ्याच्या भाजीबद्दल मात्र नीट ऐक, कारण ही रीत शहरात गेलं की माणसं पहिली मोडतात. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, खारट-आंबट. पूर्वी पहाटे शिवारात धोतराचं फडकं पिकावरून फिरवून दवाबरोबर ती आंब गोळा करायचे, पोटदुखीला जपून ठेवायचे. भाजीची सगळी चव त्या आंबेत आहे. म्हणून ती धुवायची नाही. कोवळे शेंडे खुडायचे, निवडायचे, झटकायचे, बस. अशी भाजी फक्त आपल्याच शेतातली, फवारणीच्या आधीची घ्यायची. खुडल्यानं झाडाचं नुकसान होत नाही, उलट बाजूला फुटवे येतात. बाजारातून आणलीस तर धुवावीच लागेल, मग चवीला थोडं ताक घाल. कोवळ्या पानांचा कच्चा घोळाना कर, कांदा, तिखट, मीठ, तेल, गरम भाकर. उरलेली भाजी सावलीत वाळवून हातानं चुरायची, वर्षभर टिकते. आळण लावलेली ती वाळकी भाजी मला ओल्यापेक्षा जास्त आवडते.

भात आपल्या भागात पिकत नाही, तो भंडारा-गोंदियाकडून येतो, म्हणून पूर्वी तो सणाचाच. गोळाभात त्यातला. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा घ्यायचा, त्यात हळद, तिखट, मीठ, ओवा आणि कडकडीत तेलाचं मोहन. पाणी शिंपडून मूठ वळेल एवढंच. गोळा सैल झाला तर भातात विरघळतो. भात अर्धा शिजला, वरचं पाणी दिसेनासं झालं पण खाली आहे, तेव्हा गोळे वर मांडायचे आणि झाकण गच्च. गोळे वाफेवर शिजतात. पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. ताटात वाढल्यावर गोळा भातात फोडायचा आणि त्यावर मोहरी, लाल मिरची, लसणाचं कडकडीत तेल ओतायचं. सोबत चिंचेचं सार किंवा कढी हवीच, नाहीतर घास घशात बसतो.

उन्हाळ्यात तू सुट्टी काढून ये, मे महिन्यात. आपल्याकडं पारा 45 च्या वर जातो, लोक घरात दडून बसतात, पण वाळवणाला असं ऊन भाग्याचं. मुगाची डाळ चार-पाच तास भिजवायची, चाळणीत पूर्ण निथळायची, आणि वाटताना पाणी घालायचं नाही. पाणी घातलं की मुंगवड्या पसरतात आणि आतून ओल्या राहतात. पहाटे घालायला बसायचं, ऊन चढायच्या आत. दुसऱ्या दिवशी उलटायच्या, तिसऱ्या दिवशी मुठीत घेऊन हलवायच्या. खड्यांसारख्या वाजल्या तर डब्यात, नाही तर अजून एक ऊन. कानांनी तपासायचं, डोळ्यांनी नाही. मी एका वर्षी अवकाळी आभाळ आलं म्हणून घाईनं भरल्या, श्रावणात डबा उघडला तर अख्खा बुरशीनं पांढरा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या वर्षी पावसाळाभर त्यांनी रोज तेवढीच ताजी भाजी शोधून आणली आणि मला सोबत नेलं. रानभाज्या मी त्याच वर्षी शिकले.

कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलायचं, नाहीतर चीक आंबतो. सरगुंडे मात्र एकटीनं होत नाहीत, काड्यांवर कणीक वळायला पाच-सहा जणी हव्यात. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर सरगुंडे केले नाहीत असं वर्ष मला आठवत नाही.

जवसाची चटणी पाण्याविना. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, कच्चं राहू द्यायचं नाही. सुकी मिरची, जिरं, मीठ, हवा तर लसूण, खलबत्त्यात कुटायचं. पंधरा दिवसांपुरतीच कर, जवसाचं तेल लवकर खवट होतं. लसूण घातलास तर आठवड्यात संपव. ओला चमचा घालायचा नाही, लोणच्यालाही नाही.

हळद मी वायगावची आणते, शेजारच्या समुद्रपूर तालुक्यातली. 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला घरच्या मुलीचं कौतुक व्हावं तसं वाटलं होतं. हळकुंडंच घेते, घरी कुटून दळते, म्हणजे आत काय आहे ते ठाऊक असतं. तिच्या रंगावर भुलून जास्त घालू नकोस, नेहमीच्या निम्मी पुरे. फोडणीत टाकली की लगेच पाठोपाठ भाजी किंवा पाणी पडलं पाहिजे, जळाली की कडू.

बाहेर काढून ठेवलंय ते बघून घे: मुंगवड्यांचा डबा, तो हलवून बघ, वाजतो. वाळकी हरभऱ्याची भाजी, कण्या, हळद. चटणी रात्री कुटते. दळण सकाळी, गाडी हायवेवर यायच्या आधी दीड-दोन तास हाताशी हवेत. चक्कीवर मीच जाते. पीठ आलं की कोपरात पसरून ठेवू, तू तोवर आंघोळ करून घे. निवलं की भरू.